हिशोबातून हेतूपर्यंत : आर्थिक गुन्ह्याचा तपास कसा चालतो

फसवला गेलेला ठेवीदार पोलीस ठाण्यात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बरंच काही असतं. स्टॅम्प पेपरवरचा करार, कंपनीचा शिक्का मारलेल्या पावत्या, पुढच्या तारखांचे चेक, न वटलेल्या चेकांसोबत बँकेने दिलेले मेमो, व्हॉट्सअॅपवरच्या संदेशांचे प्रिंट. आरोपीचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर त्याला पाठ असतो. बरेचदा आरोपी त्याच्या घरी गणपतीला येऊन गेलेला असतो. चोरीच्या किंवा खुनाच्या तपासात गुन्हा समोर दिसतो आणि माणूस शोधावा लागतो. इथे माणूस पहिल्या दिवसापासून माहीत असतो, गुन्हा झाला हेच सिद्ध करायचं असतं.

कारण आरोपीचं उत्तर तयार असतं. "धंदा होता, बुडाला. पैसे देणार नाही असं मी कुठे म्हणतोय?" कायद्याच्या नजरेत हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. दिलेला शब्द न पाळणं एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. पैसे घेतानाच मनात लबाडी होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. ते योग्यच आहे. प्रामाणिक माणसाचाही धंदा बुडतो, आणि त्याला त्यासाठी तुरुंगात टाकायचं नसतं. म्हणून आर्थिक गुन्ह्याच्या तपासाचा सगळा भार एका प्रश्नावर येऊन पडतो: पैसे घेतले त्या तारखेला घेणाऱ्याला काय ठाऊक होतं? माणसाच्या मनात पोलिसांना शिरता येत नाही. त्याच्या हिशोबात मात्र शिरता येतं, आणि हिशोब नीट वाचला तर मनातलं बरंच काही हाती लागतं.

महाराष्ट्रात हे काम आर्थिक गुन्हे शाखा करते. पोलीस, वकील आणि आता ठेवीदारही तिला 'ईओडब्ल्यू' म्हणतात. मुंबईत ती क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयात बसते, पुणे, ठाणे, नागपूर अशा आयुक्तालयांत तिच्या वेगळ्या शाखा आहेत आणि जिल्ह्यांत ती पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली असते. ठराविक रकमेपर्यंतचा गुन्हा स्थानिक पोलीस ठाणं तपासतं, त्यावरचा शाखेकडे वर्ग होतो.

सुरुवात होते ती लेखी अर्जाने. इथेच पहिला अडथळा येतो. ठाण्यातला अधिकारी कागद चाळतो आणि म्हणतो, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." कधी ते खरंच दिवाणी प्रकरण असतं, कधी अधिकाऱ्याला हिशोबाच्या फंदात पडायचं नसतं. 'ललिता कुमारी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली सांगितलं की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे. पण व्यापारी व्यवहारांसारख्या काही प्रकारांत आधी मर्यादित मुदतीची प्राथमिक चौकशी करता येईल. या सवलतीचा हेतू चांगला आहे, दोन भागीदारांच्या भांडणात पोलिसांना कुणी हत्यार म्हणून वापरू नये. प्रत्यक्षात मात्र 'चौकशी सुरू आहे' या तीन शब्दांत महिने जातात. त्या महिन्यांत आरोपीला नोटीस जाते, तो जबाबाला येतो, पुढची तारीख मागून घेतो आणि दरम्यान खाती रिकामी करतो. माझ्या मते आर्थिक गुन्ह्यात सर्वांत जास्त पैसा बुडतो तो याच काळात.

गुन्हा नोंदवताना कलमं लागतात ती व्यवहाराच्या तारखेप्रमाणे. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर जुनी भारतीय दंड संहिता आणि सर्वांच्या तोंडी बसलेलं ४२० कलम. त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम फसवणुकीसाठी, ३१६ वं विश्वासघातासाठी, शिवाय खोटे दस्त आणि खोट्या हिशोबाची कलमं. बँकर किंवा एजंट या नात्याने हातात आलेल्या पैशाचा अपहार असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पण ठेवीदारांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा कायदा वेगळाच आहे: महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. बोलीभाषेत 'एमपीआयडी'. त्याची शिक्षा सहा वर्षांपर्यंतची, म्हणजे तुलनेने कमी. पण हा कायदा आरोपीच्या मालमत्तेवर हात टाकू देतो. त्यातली 'ठेवी'ची व्याख्याही रुंद आहे. पैसाच नव्हे तर मौल्यवान वस्तू घेतली आणि ती रोखीत, मालात किंवा सेवेच्या रूपात परत देण्याचं कबूल केलं, तरी ती ठेव. म्हणूनच सराफाच्या दुकानातली महिन्याची भिशीसुद्धा या कायद्याखाली येऊ शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातली दुकानं बंद झाली तेव्हा गुन्हा या कायद्याखाली दाखल झाला होता.

एफआयआर झाल्यावरचे पहिले दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे. तपास अधिकारी एकाच वेळी अनेक पत्रं काढतो. बँकांना खाती गोठवण्याचं आणि उतारे देण्याचं. इमिग्रेशन विभागाला लुकआउट सर्क्युलरसाठी, म्हणजे विमानतळावर आरोपी अडवला जावा म्हणून. दुय्यम निबंधकांना, गेल्या काही वर्षांत आरोपीच्या, त्याच्या बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर काय नोंदणी झाली ते कळवण्याचं. आरटीओला गाड्यांसाठी, डिपॉझिटरीला शेअर्ससाठी. ही पत्रं दिसायला रुक्ष असतात, पण ती आठवडाभर उशिरा निघाली तर गोठवायला खातं उरतं, त्यात रक्कम उरत नाही.

मग उतारे यायला लागतात, आणि खरा तपास सुरू होतो. एखाद्या योजनेच्या खात्याचा उतारा डोळ्यांसमोर आणा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका दिवसात चाळीस-पंचेचाळीस जमा, बहुतेक पन्नास हजारांच्या आणि लाखाच्या गोल रकमा. दुपारी चारच्या सुमारास एकच मोठा आरटीजीएस, चाळीस लाखांचा, दुसऱ्या एका कंपनीच्या नावाने. संध्याकाळची शिल्लक अकरा हजार. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ज्या खात्यात रोज लाखो रुपये येतात पण रात्री मुक्कामाला थांबत नाहीत, ते धंद्याचं खातं नसतं. धंद्याच्या खात्यातून वीजबिल जातं, पगार जातात, कच्च्या मालाचे पैसे जातात, जीएसटी जातो. तपास अधिकारी आधी हेच शोधतो: खऱ्या धंद्याचे खर्च कुठे आहेत?

मग तो दुसऱ्या कंपनीचा उतारा मागवतो. तिथे आलेल्या चाळीस लाखांचे त्याच दिवशी तीन फाटे फुटलेले दिसतात. एक फाटा बिल्डरकडे, एक संचालकाच्या नातेवाइकाच्या बचत खात्याकडे आणि एक तिसऱ्या खात्याकडे. ते तिसरं खातं उघडलं की त्यातून पाच-पाच हजारांच्या दोनशे नोंदी बाहेर जाताना दिसतात. हा जुन्या ठेवीदारांचा 'परतावा'. सकाळी नव्यांनी भरलेला पैसा दोन खात्यांतून फिरून संध्याकाळी जुन्यांच्या मोबाइलवर 'व्याज जमा' म्हणून वाजतो. पोलीस याला थर म्हणतात, पहिल्या थराचं खातं, दुसऱ्या थराचं, तिसऱ्या थराचं, आणि मोठ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये त्यांचा नकाशा काढतात. सायबर फसवणुकीत हेच थर तासाभरात दहा-दहा होतात, आणि त्यातली अनेक खाती महिन्याला चार पैसे मिळतात म्हणून कुणीतरी भाड्याने दिलेली असतात. आपलं खातं असं वापरू देणारा गरीब असला तरी पोलिसांच्या नकाशात त्याचं नाव येतंच.

उताऱ्याइतकाच बोलका असतो खातं उघडण्याचा फॉर्म. सहा कंपन्या, सहा वेगवेगळे संचालक, पण सहाही फॉर्मवर मोबाइल नंबर एकच. एका कंपनीचा संचालक म्हणून सही करणारा माणूस प्रत्यक्षात मालकाचा ड्रायव्हर. रोख काढलेल्या चेकच्या मागची सही कुणाची, पैसे भरण्याच्या स्लिपवरचं अक्षर कुणाचं, हे हस्ताक्षर तज्ज्ञांकडे जातं. नेट बँकिंग कुठल्या आयपी पत्त्यावरून वापरलं गेलं, हेही बँक सांगू शकते. नावापुरते संचालक आणि खरा मालक यांच्यातली भिंत अशा बारीक नोंदींनी पडते. या उताऱ्यांना न्यायालयात वजन मिळतं ते १८९१ च्या एका जुन्या कायद्यामुळे: बँकेने प्रमाणित केलेली हिशोबाची प्रत पुरावा म्हणून चालते, मूळ वह्या न्यायालयात वाहून न्याव्या लागत नाहीत.

आता हेतूकडे येऊ. तपास अधिकारी एक साधा तक्ता करतो. महिना, त्या महिन्यात आलेल्या नव्या ठेवी, त्या महिन्यात वाटलेला परतावा, आणि धंद्यातून झालेली खरी कमाई. समजा शंभर जणांनी लाख-लाख भरले, एक कोटी जमलं. एजंटांचं कमिशन दहा टक्के, म्हणजे दहा लाख पहिल्याच दिवशी गेले. उरले नव्वद. महिना पाच टक्के कबूल केलेत, म्हणजे दरमहा पाच लाख द्यायचे. मालकाने स्वतःवर एक पैसाही उधळला नाही तरी अठराव्या महिन्यात तिजोरी रिकामी, आणि मुद्दलापैकी एक रुपया परत दिलेला नाही. त्याने चाळीस लाखांचा फ्लॅट घेतला असेल तर दहा महिने. हे गणित योजना छापणाऱ्याला पहिल्या दिवशीच येत असतं. तक्त्याचा शेवटचा स्तंभ, खरी कमाई, पहिल्या महिन्यापासून शून्य असेल तर 'धंदा बुडाला' हा बचाव उभाच राहत नाही, कारण बुडायला धंदाच नव्हता. आरोपीच्या मनातली लबाडी अशी चार स्तंभांत मांडली जाते. मला या तपासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इथे साक्षीदार फुटत नाही, विसरत नाही, उलटतपासणीत गोंधळत नाही.

या प्रकाराला ज्याचं नाव पडलं त्या चार्ल्स पाँझीने १९२० साली बोस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्के फायद्याचं आमिष दाखवलं होतं. आंतरराष्ट्रीय टपालाची कुपनं स्वस्त देशात घ्यायची आणि अमेरिकेत वटवायची, असा त्याचा सांगितलेला धंदा. त्याच्याकडे जमलेल्या पैशाला पुरण्यासाठी सुमारे १६ कोटी कुपनं लागली असती. प्रत्यक्षात जवळपास २७ हजारच फिरत होती. हा हिशोब त्या काळी मांडला गेला आणि फुगा फुटला. शंभर वर्षं झाली तरी पद्धत तीच आहे: सांगितलेला धंदा खरा असता तर त्याच्या कोणत्या खुणा दिसल्या असत्या, हे विचारायचं आणि त्या खुणा शोधायला जायचं.

मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात ही खूण म्हणजे गोदामातला माल. तिथे गुंतवणूकदाराला दोन करार एकत्र विकले जात: आज माल घ्या, त्याचे पैसे दोन दिवसांत द्या, आणि तोच माल पंचवीस-एक दिवसांनी ठरलेल्या चढ्या भावाने विका. मधला फरक म्हणजे ठरीव उत्पन्न. कागदावर साखर होती, एरंडी होती, भात होता, गोदामाच्या पावत्या होत्या. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार थांबले आणि सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. गोदामांची तपासणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी कागदावर दाखवलेला माल जागेवर नव्हता. अशा तपासात पंचनामा म्हणजे पोती मोजणं, गोदामाची लांबी-रुंदी घेणं, एवढं धान्य त्या जागेत मावतं का हे पाहणं, रखवालदाराला मालाच्या गाड्या कधी आल्या-गेल्या ते विचारणं. संगणकाच्या काळातही यातलं कुठलंच काम टेबलावर बसून होत नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत उलट घडलं. तिथे खऱ्या गोष्टी लपवायला खोट्या गोष्टी उभ्या केल्या गेल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं. भांडुपपासून मुलुंडपर्यंतच्या शाखांसमोरची गर्दी अनेकांना आठवत असेल. आर्थिक गुन्हे शाखेने त्याच महिन्याअखेर ४,३५५ कोटींच्या नुकसानीचा गुन्हा नोंदवला. बँकेच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होतं, आणि ते झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली, असा आरोप आहे. यातला तपासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा भाग असा की ही खाती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नव्हतीच. ती रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना दिल्या जाणाऱ्या यादीत फक्त नोंदी म्हणून होती. यादी आणि प्रणाली शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली असती तर फरक दिसला असता. ज्याची तपासणी करायची त्यानेच तयार केलेली यादी तपासनिसाने स्वीकारावी, ही सवय अनेक बँकांना आणि पतसंस्थांना भोवली आहे.

संगणक जप्त करण्याची रीत आता बरीच कडक झाली आहे, आणि ती तशी असायलाच हवी. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केलं. हार्ड डिस्क थेट उघडून बघायची नसते. नुसतं उघडल्यानेसुद्धा फाइलींच्या तारखा बदलू शकतात. आधी तिची हुबेहूब प्रत काढतात, तिचं 'हॅश मूल्य' म्हणजे त्या मजकुरावरून निघणारा आकडे आणि अक्षरांचा एक ठसा पंचनाम्यात लिहितात, आणि तपास प्रतीवर करतात. मजकुरात एका अक्षराचा बदल झाला तरी ठसा बदलतो, त्यामुळे पोलिसांनी काही घुसडलं असा आरोप टिकत नाही आणि पोलिसांना घुसडताही येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात हा ठसा द्यावा लागतो. हे प्रमाणपत्र जोडायचं राहिलं की महिनोन्‌महिन्यांची मेहनत न्यायालयात अडखळते. सापडतं काय? बहुधा टॅलीचा हिशोब, कधी एकाच कंपनीचे दोन हिशोब, एजंटांच्या कमिशनचे तक्ते आणि व्हॉट्सअॅपवर 'या आठवड्यात पेमेंट थांबवा, नवीन आलं की सोडू' अशा धाटणीचे निरोप. असा एक निरोप दहा जबाबांच्या तोडीचा असतो.

जबाबही लागतातच. हिशोबनीस, रोखपाल, रिसेप्शनवरची मुलगी यांना आत काय चाललंय ते मालकाइतकं नाही तरी पुष्कळ ठाऊक असतं. पगारावर काम करणाऱ्या अशा माणसाला आरोपी करायचं की साक्षीदार, हा तपास अधिकाऱ्याचा अवघड निर्णय. एजंटांचं त्याहून बिकट. एजंट बहुधा ठेवीदारांच्याच आळीतला असतो, त्याने स्वतःचे आणि सासरचे पैसेही घातलेले असतात, आणि त्याने कमिशनही घेतलेलं असतं. तो फसलेला आहे आणि फसवणाराही. परतावा थांबल्यानंतर त्याने नवे पैसे गोळा केले का, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याची बाजू बरीचशी ठरावी, असं मला वाटतं.

हिशोब फार मोठा असेल तर फॉरेन्सिक ऑडिटर नेमतात. हा सनदी लेखापाल ताळेबंद बरोबर आहे का एवढंच पाहत नाही, कुणाचे पैसे कुठे गेले ते शोधतो. दुर्दैवाने त्याचा अहवाल येईपर्यंत तपासाचं घड्याळ थांबत नाही. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल करावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून आधी मुख्य आरोपपत्र आणि मागाहून पुरवणी आरोपपत्रं, असा क्रम दिसतो. हजारो पानांची ही गाठोडी तयार करणाऱ्या अधिकाऱ्याची तपासाच्या मधेच बदली होते, नवा अधिकारी पहिल्या पानापासून वाचायला बसतो. तो कालपर्यंत बंदोबस्तावर होता, ताळेबंद त्याने कधी पाहिलेला नाही. शाखेत काम करणाऱ्यांना हिशोबाचं पक्कं प्रशिक्षण आणि निदान एका प्रकरणाचा शेवट होईपर्यंत त्याच खुर्चीत थारा मिळाला पाहिजे. हे न केल्यामुळे किती खटले कमकुवत झाले असतील, याचा विचार शासनाने करायला हवा.

ठेवीदाराला मात्र शिक्षेपेक्षा पैशाची आस असते. एमपीआयडीखाली सरकार अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करतं. योजनेच्या नावावर काही सापडलं नाही किंवा पुरेसं नसलं, तर प्रवर्तक, संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत हात पोहोचतो. मग उपजिल्हाधिकारी दर्जाचा किंवा त्यावरचा 'सक्षम प्राधिकारी' नेमला जातो. तो विशेष न्यायालयात जातो, न्यायालय हरकती ऐकतं, जप्ती कायम करतं, लिलाव होतो आणि आलेली रक्कम ठेवीदारांत प्रमाणात वाटली जाते. हे वाचायला चार ओळींचं आहे. प्रत्यक्षात एखादी जमीन आधीच बँकेकडे गहाण असते, कधी त्याच मालमत्तेवर सक्तवसुली संचालनालयाने काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली टाच आणलेली असते, कधी दिवाळखोरीचा अर्ज दाखल झालेला असतो. स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात जप्तीच्या अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या. एक्स्चेंज ही या कायद्याखालची 'वित्तीय आस्थापना'च आहे, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. व्यवहार बंद पडल्यापासून या एका प्रश्नाच्या उत्तराला जवळजवळ नऊ वर्षं लागली.

एवढा वेळ लागतो म्हणूनच प्रतिबंधाला महत्त्व आहे, आणि इथे पोलिसांच्या हातात एक चांगलं साधन असून ते पुरेसं वापरलं जात नाही. जुन्या कायद्यांत पैसे बुडाल्यावर गुन्हा घडतो. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने हे बदललं. परवानगीविना ठेवी मागणं हाच आता गुन्हा आहे, आणि त्या स्वीकारल्या तर दोन ते सात वर्षं कैद होऊ शकते. म्हणजे एकाही माणसाचा एक रुपया बुडालेला नसताना पोलिसांना त्या दुकानात जाऊन विचारता येतं: कोणाच्या परवानगीने? पण व्याज वेळेवर येत असताना तक्रार करायला कुणी येत नाही, आणि तक्रारीशिवाय हालचाल करण्याची पोलिसांना सवय नाही. दादरच्या टोरेस प्रकरणात कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याची जाहिरात उघडपणे, सजवलेल्या शोरूममधून चालू होती. जवळच्या बाजारातले भाजीवालेही त्यात पैसे घालत होते. परतावा थांबला, जानेवारी २०२५ मध्ये दुकानासमोर गर्दी उसळली आणि गुन्हा नोंदवला गेला. तोवर मुख्य परदेशी सूत्रधार देशाबाहेर निघून गेले होते, असं पोलिसांचं म्हणणं आहे. पोलिसांनी वेळेत हालचाल केली नाही, यावर मुंबई उच्च न्यायालयानेही बोट ठेवलं. खटला अजून व्हायचा आहे. मात्र आठवड्याला व्याज देण्याचा फलक रस्त्यावरून दिसत असताना त्याची चौकशी करण्यासाठी कायद्यात आणखी काही हवं होतं असं नाही.

बाकीची यंत्रणा कागदावर आहे आणि काही प्रमाणात चालतेही. संशयास्पद व्यवहार आणि दहा लाखांवरचे रोख व्यवहार बँका दिल्लीतल्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवतात. रिझर्व्ह बँक, सेबी, सहकार खातं आणि पोलीस एकत्र बसतील अशी राज्यस्तरीय समन्वय समिती आहे. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर कुणालाही संशयित योजनेची माहिती देता येते. पतसंस्थेत अपहार दिसला तर फिर्याद देणं हे सहकार कायद्याने लेखापरीक्षकाचंच काम ठरवलं आहे. यातला प्रत्येक दुवा एखाद्या माणसाने वेळेवर कागद पुढे पाठवण्यावर अवलंबून आहे.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. योजनेच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेला गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक किंवा कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र यांतलं काहीही ठेवी घेण्याची परवानगी नसतं. ती रिझर्व्ह बँक, सेबी किंवा अशाच नियामकाकडची असावी लागते, आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० क्रमांकावर त्याच तासाला फोन करा, कारण पहिल्या थरातून दुसऱ्या थरात जाण्याआधीच रक्कम अडवता येते. आणि एखाद्या योजनेचा एक हप्ता चुकला तर एजंट नक्की म्हणेल, "पोलिसांत गेलात तर खाती गोठतील आणि सगळ्यांचेच पैसे अडकतील." त्याचं ऐकून थांबू नका. मूळ कागद घरी ठेवा, त्यांच्या प्रती जोडून लेखी अर्ज द्या, त्यावर पोहोच घ्या, आणि गुन्हा दाखल झाल्यावर आपला दावा सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवा. यादीत नाव नसलेल्या ठेवीदाराला वाटपात पैसे मिळत नाहीत.